व्यवहारातलं खोटं एआयने पकडलं तर फायदा नक्की कुणाचा?

अर्धविराम

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हटलं इथे टाकून बघू, जाणकार भर घालतीलच.

हल्ली व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज, चेहरा, शब्दांची निवड बघून 'हा माणूस आत्ता खोटं बोलतोय' असं सांगणारी सॉफ्टवेअरं विकायला निघालेत लोक. विमावाले, कर्ज देणारे, नोकरभरतीवाले, कंपन्यांचे खरेदी विभाग, सगळ्यांनाच रस आहे. आणि चर्चा झाली की ती एकाच ठिकाणी अडकते, हे किती अचूक आहे? तो प्रश्न आहेच, पण त्याच्या आधी विचारायला पाहिजे की पकडायचं आहे ते खोटं नक्की कुठलं आणि यंत्र कुणाच्या हातात आहे.

माणसाला स्वतःला खोटं ओळखता येतं हा मुळात गैरसमज आहे. २००६ मध्ये बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी तोवरचे शेकडो प्रयोग एकत्र करून बघितले, जवळपास २४ हजार लोकांचे अंदाज होते त्यात, आणि बरोबर निघाले सरासरी ५४%. नाणं उडवलं असतं तर ५०. म्हणजे 'मी माणूस बघताक्षणी ओळखतो' म्हणणारे आपले सगळे काका-मामा नाण्यापेक्षा चार टक्के हुशार. त्यामुळे यंत्राने ६५ जरी गाठले तरी विकणाऱ्याला छाती फुगवायला जागा मिळते.

आता खोट्याचे प्रकार बघा. 'गाडीला कधी अपघात झालेला नाही' हे घडून गेलेल्या गोष्टीबद्दलचं विधान, याला नोंदी असतात, कागद असतो, तपासता येतं. 'मी पुढच्या महिन्यात नक्की पैसे देतो' हे वचन, बोलताना तो मनापासून खरंही बोलत असेल आणि तरी देणार नाही. आणि तिसरं म्हणजे 'याच्या खाली परवडतच नाही हो'. हे तिसरं मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं, कारण याचा पुरावा जगात कुठेच नसतो, फक्त बोलणाऱ्याच्या डोक्यात असतो. आणि गंमत अशी की या खोट्याला जगाने जवळजवळ परवानगी देऊन ठेवलीये. अमेरिकन बार असोसिएशनच्या नमुना आचारसंहितेत वकिलांनी खोटी विधानं करू नयेत असा नियम आहे, ४.१ क्रमांकाचा, पण त्याच्याच टिपणीत म्हटलंय की वाटाघाटीत सांगितलेला किमतीचा अंदाज किंवा 'आम्ही इतक्यावरच तडजोड करू' हे सहसा वस्तुस्थितीचं विधान धरलं जात नाही. म्हणजे वकिलांनीसुद्धा लिहून ठेवलंय की घासाघीस ही घासाघीस आहे, तिथे शपथ घेऊन कुणी बसलेलं नसतं.

आता इथे यंत्र आणा. समजा विकणारा मनातून ७० ला सोडायला तयार आहे आणि घेणारा १०० पर्यंत द्यायला. मधले ३० कुणाला किती जाणार हे दोघांच्या झाकल्या मुठीवर ठरतं. घेणाऱ्याकडे खोटं ओळखणारं यंत्र असेल तर तो विचारत जाणार, ९० ला परवडतं का, ८० ला, ७५ ला, आणि प्रत्येक 'नाही' ला स्क्रीनकडे बघणार. सौदा ७० ला. कुणाची फसवणूक झाली नाही, गाडी तीच, माणसं तीच, फक्त ३० च्या ३० एका बाजूला गेले. बरं, विकणारा म्हणाला की मी उत्तरच देत नाही, तरी सुटका नाही. १९८१ मध्ये ग्रॉसमन आणि मिलग्रॉम या अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळं दाखवून दिलं की खरं सिद्ध करायची सोय असताना जो गप्प बसतो त्याच्याबद्दल समोरचा वाईटात वाईट तेच गृहीत धरतो. म्हणजे अळीमिळी गुपचिळी हेही उत्तरच.

पण, आणि हा पण मोठा आहे, दुसरी बाजूही खरी आहे. मायरसन आणि सॅटर्थवेट या अर्थशास्त्रज्ञांचा १९८३ चा सिद्धांत सांगतो की दोघांनाही एकमेकांच्या मनातला आकडा माहीत नसेल आणि बाहेरून कुणी पदरचे पैसे घालणार नसेल, तर असा कुठलाच नियम बनवता येत नाही की ज्याने फायद्याचा प्रत्येक सौदा पार पडेल. दोघांनी ताणून धरल्यामुळे होऊ शकणारे काही सौदे मोडणारच. यंत्र दोघांकडे असेल आणि दोघांना मान्य असेल तर ते सौदे वाचतील. पण दोघांकडे असणार आहे का? विमा कंपनी माझा चेहरा वाचणार, मी विमा कंपनीचा कुठला चेहरा वाचू?

तिरकस

धागा लिहिताना कॅमेरा चालू होता का? नाही म्हणजे 'बरेच दिवस घोळतंय' या वाक्याला जरा लाल दिवा लागलाय.

ताळेबंद

छान विषय. मी ऑडिटच्या कामात आहे म्हणून थोडं त्या बाजूने. आमच्याकडे चेहरा-आवाज कुणी बघत नाही, बघण्यात अर्थही नाही, मुरलेला माणूस तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलतो आणि ज्याने काही केलेलं नाही तो ऑडिटर आला म्हणूनच घाम पुसत बसतो. खोटं सापडतं ते आकड्यांत. मंजुरीची मर्यादा ज्या रकमेला असते त्याच्या जरासं खाली बिलांचा गठ्ठा जमलेला दिसतो, म्हणजे एकच खरेदी तोडून दोन-तीन बिलं केलेली. पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक आणि एखाद्या कर्मचाऱ्याचा पगाराचा खाते क्रमांक एकच निघतो. एखाद्या पुरवठादाराची वर्षभराची बिलं ओळीने ४१, ४२, ४३ अशी येतात, म्हणजे त्याला जगात तुमच्याशिवाय गिऱ्हाईकच नाही, हे कसं? सुट्टीच्या दिवशी रात्री टाकलेल्या नोंदी. हे सगळं शोधायला पूर्वी नमुना तपासणी करायचो, आता मशीन एकूण एक नोंद चाळतं आणि इथे एआय खरंच कामाचं आहे, यात वाद नाही.

बेनफर्डचा नियम बऱ्याच जणांना माहीत असेल, नैसर्गिकपणे जमलेल्या आकड्यांत पहिला अंक १ असण्याचं प्रमाण ३०% च्या आसपास आणि ९ असण्याचं साधारण ४.६%. माणूस मनाने आकडे रचतो तेव्हा हे बिघडतं. २०११ मध्ये काही जर्मन संशोधकांनी युरोपियन युनियनच्या देशांनी दिलेल्या आर्थिक आकडेवारीवर हे लावून बघितलं तर सगळ्यात जास्त वाकडेपणा ग्रीसच्या आकड्यांत निघाला. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीचं खोटंही असंच आकड्यांत दिसलं होतं, फक्त सूत्र वेगळं. कंपनी बुडाली डिसेंबर २००१ ला, पण १९९८ मध्येच कॉर्नेल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बेनिश एम-स्कोअर नावाचं सूत्र लावून लिहिलं होतं की इथे नफा फुगवलेला असू शकतो. त्यात एआय वगैरे काही नव्हतं, ताळेबंदातले आठ रेशो होते फक्त.

आणि माझा आवडता किस्सा. २०१२ मध्ये एक पेपर आला होता की फॉर्मच्या खाली सही घेण्याऐवजी वर, म्हणजे भरायच्या आधी, सही घेतली तर लोक जास्त प्रामाणिकपणे माहिती देतात. त्यात एका विमा कंपनीच्या ग्राहकांनी कळवलेले गाडीचे मीटर रीडिंग वापरले होते. २०२१ मध्ये डेटा कोलाडा नावाच्या ब्लॉगवाल्यांनी तो डेटा उघडून बघितला तर गाड्या किती मैल चालल्या याचं वाटप शून्यापासून ५० हजारापर्यंत अगदी सपाट. खऱ्या लोकांच्या गाड्या असं चालत नाहीत हो, बरेच जण मध्यम चालवतात आणि थोडेच खूप चालवतात. वर लोक सहसा गोल आकडे लिहितात, हजारात, पाचशेत, तर काही नोंदींत गोल आकडे जवळपास नाहीतच. एक्सेलमध्ये दोन वेगळे फाँट, तेही आलटून पालटून. पेपर मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरचा पेपर आणि डेटा बनावट. तो पकडायला कुणाचा चेहरा वाचावा लागला नाही.

शेवटचा_बाक

ताळेबंद, मीटर रीडिंगचा किस्सा माहीत नव्हता, भारी.

गणिती_उंदीर

अचूकतेचा प्रश्न दुसरा म्हणून बाजूला ठेवताय ते ठीक पण एवढ्या सहज ठेवू नका. ९०% अचूक यंत्र घ्या, जे आज कुणाकडे नाही. १००० दाव्यांपैकी २० खोटे आहेत समजा. यंत्र त्यातले १८ पकडेल, वा. उरलेले ९८० खरे, त्यातल्या १०% वर म्हणजे ९८ जणांवर चुकून लाल दिवा. लाल दिवा लागलेले एकूण ११६ आणि त्यात खरे लबाड १८. म्हणजे दिवा लागलेल्या दर सहा-सात माणसांत एक लबाड, बाकी सगळे संन्यासी, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी हे इथे अपवादाने घडत नाही, तोच नेहमीचा निकाल आहे.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ च्या पॉलिग्राफवरच्या, म्हणजे अंगाला वायरी लावून खोटं पकडायच्या यंत्रावरच्या, अहवालात हेच मांडलं होतं. १०,००० कर्मचारी, त्यात १० हेर. त्यातले ८ पकडायचे म्हणून चाळणी बारीक केली तर सोबत सुमारे १,६०० निरपराध लोक अडकतात. चाळणी ढिली केली तर निरपराध सुटतात पण बहुतेक हेरही सुटतात. यंत्र बदललं, वायरींच्या जागी कॅमेरा आला, तरी हा हिशोब तोच राहतो कारण तो लबाडांच्या प्रमाणावर अवलंबून आहे.

आणि ते प्रमाण कमीच असतं. फासा टाका, काय पडलं ते तुम्हीच सांगा, मोठा आकडा सांगितला तर जास्त पैसे, कुणी बघत नाहीये, असे प्रयोग जगभर झालेत. २०१९ मध्ये अशा ९० अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, ४७ देशांतले ४४ हजारांवर लोक. खोटं बोलून जेवढं कमावता आलं असतं त्यातलं सरासरी तीन चतुर्थांश लोकांनी सोडून दिलं. बिनधास्त फसवता येत असताना.

नुसतीच_वाचक

एरवी फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. गणिती उंदीर यांच्या त्या ९८ मध्ये बहुतेक मी होते. एका विमा कंपनीकडे सामान चोरीला गेल्याचा दावा केला होता, फोनवरच्या ॲपमध्ये बघून काय झालं ते व्हिडिओत सांगायचं होतं. मी मुळात अडखळत बोलते, लहानपणापासून, आणि कॅमेरासमोर तर विचारू नका. दावा 'अधिक पडताळणी' साठी गेला आणि तिथेच बसला, पावत्या दिल्या, पोलिसांचा कागद दिला, तरी उत्तर एकच की सिस्टीमने फ्लॅग केलंय. का फ्लॅग केलंय विचारलं तर समोरच्या मुलीलाही माहीत नव्हतं, ती बिचारी खरंच सांगत होती असं वाटलं, म्हणजे ५४% तरी :) शेवटी मिळाले पैसे पण कारण आजतागायत कळलं नाही. मी अडखळले म्हणून की आणखी काही, काय माहीत.

वसुली_मास्तर

मी पलीकडच्या बाजूचा, कर्ज देणाऱ्या संस्थेत फसवणूक रोखण्याच्या कामात होतो, तर थोडं तिकडचंही ऐका, शिव्या नंतर घाला. खोट्या दाव्यांचे, खोट्या उत्पन्नाच्या दाखल्यांचे पैसे कंपनीचा मालक घरून आणत नाही, ते तुमच्याच हप्त्यात आणि व्याजात बसतात. अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल जे लिहिलं तेच आहे, चांगली-वाईट गाडी ओळखता आली नाही की चांगल्या गाडीवाला बाजारातून निघून जातो आणि भंगार उरतं. म्हणजे खोटं न पकडण्याची शिक्षाही संन्याशालाच होते, फक्त ती थोडी थोडी सगळ्यांत वाटली जाते म्हणून कुणाला दिसत नाही.

आणि दिवा लागला म्हणजे दावा फेटाळला असं कुठे असतं? त्याचा अर्थ माणसाने फाईल नीट बघायची. ११६ फाईली बघून १८ सापडत असतील तर १००० फाईली बघण्यापेक्षा बरंच की.

गणिती_उंदीर

मास्तर, कागदावर पूर्ण सहमत. पण 'माणसाने नीट बघायची' हेच घडत नाही ना. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २०१३ ते २०१५ मिडास नावाची सिस्टीम होती बेरोजगार भत्त्यासाठी, ती स्वतःच ठरवून लोकांवर फसवणुकीचा ठपका ठेवायची, वर दंड. नंतर राज्यानेच असे २२ हजारांवर निकाल तपासले तर ९३% चुकीचे. नेदरलँड्समध्ये मुलांच्या संगोपन भत्त्यावरून हजारो कुटुंबांना लबाड ठरवून वसुली लावली, त्यात धोका मोजणारं अल्गोरिदमही होतं, आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्खं सरकार पायउतार झालं. दोन्हीकडे माणसं होतीच की ऑफिसात.

अर्धविराम

याला जोडूनच. २०२४ मध्ये आयसायन्स या जर्नलमध्ये एक प्रयोग आला होता. लोकांना दुसऱ्यांनी लिहिलेली खरी-खोटी विधानं वाचायला दिली आणि खोटं वाटलं तर तसा आरोप करायची मुभा. एरवी लोक आरोप करायला कचरतात, कारण चुकलं तर आपण वाईट दिसतो. पण ज्यांनी स्वतःहून अल्गोरिदमचा सल्ला मागितला त्यांनी यंत्र 'खोटं' म्हणाल्यावर धडाधड आरोप केले. अल्गोरिदमची अचूकता होती साधारण दोन तृतीयांश. मला यात अचूकतेपेक्षा जबाबदारी महत्त्वाची वाटते. 'तू खोटारडा आहेस' म्हणायला एरवी जी हिंमत लागते ती लागेनाशी होते, मी कुठे म्हणालो, सिस्टीम म्हणाली. नुसतीच_वाचक यांना फोनवर जे ऐकायला मिळालं तेच.

तिरकस

थोडक्यात, पूर्वी आरोप करणाऱ्याला पुरावा लागायचा, आता लॉगिन लागतं.

खडूस_काकू

पगाराच्या बोलणीचं कुणीच काढलं नाही? 'दुसरीकडून ऑफर आहे' हे वाक्य म्हणजे अर्धविराम यांच्या तिसऱ्या प्रकाराचं सख्खं भावंड. उद्या एचआरने मुलाखतीत असलं यंत्र लावलं की संपलं, कंपनी मात्र 'बजेटच एवढं आहे' हे शांतपणे म्हणणार आणि तिथे कुणी दिवा लावणार नाही. काही ठिकाणी कायद्याने आधीच अडवलंय. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याने बहुतेक खाजगी मालकांना नोकरीसाठी लाय डिटेक्टर लावता येत नाही, त्यात आवाजातला ताण मोजणारी यंत्रंही धरलीयेत. युरोपच्या २०२४ च्या एआय कायद्यात कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत चेहरा-आवाजावरून भावना ओळखण्यावर बंदी आहे, फेब्रुवारी २०२५ पासून लागू. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा अपवाद सोडून. पण गिऱ्हाईकावर वापरायला ती बंदी नाही, नियम आहेत, बंदी नाही. म्हणजे नोकर म्हणून माझा चेहरा सुरक्षित आणि विमा काढला की उघडा, असला कारभार.

ब्रिटनमध्ये भत्ते मागायला फोन करणाऱ्यांचा आवाज तपासायचा प्रयोग २००७ पासून केला होता, २०१० मध्ये गुंडाळला, कारण ठिकठिकाणचे निकाल एकमेकांशी जुळेनात. तरी दर काही वर्षांनी तोच माल नवीन नावाने येतो. २०२१ मध्ये लेमोनेड या अमेरिकन विमा कंपनीने ट्विटरवर स्वतःच फुशारकी मारली होती की आमचं एआय दाव्याच्या व्हिडिओतल्या न बोललेल्या खुणा टिपतं, लोक तुटून पडले तेव्हा ट्विट काढून टाकलं आणि आम्ही त्यावरून दावे नाकारत नाही असा खुलासा केला.

वसुली_मास्तर

काकू, चेहऱ्याच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. आम्हीही कागदच बघायचो. पण कागदाचंही आता काय राहिलंय, एआयने पावती बनते, सुरकुत्यांसकट आणि चहाच्या डागासकट. पुढे पावतीचा फोटो हा पुरावाच धरता येणार नाही, बँकेतली किंवा दुकानाच्या सिस्टीममधली नोंद थेट जुळवावी लागेल.

ताळेबंद

हो, आणि बोलणारेही शिकतात. २०१२ मध्ये लार्कर आणि झाकोल्युकिना यांचा पेपर होता, कंपन्यांचे सीईओ-सीएफओ गुंतवणूकदारांशी फोनवर बोलतात त्याची शब्दशः टिपणं घेतली आणि नंतर ज्यांचे हिशोब चुकीचे निघाले त्यांची भाषा बघितली. खोटं बोलणारे 'तुम्हाला माहीतच आहे' हे जास्त म्हणतात, आणि सीईओ असेल तर नुसतं 'चांगलं' न म्हणता 'अफलातून', 'जबरदस्त' वगैरे. मॉडेल अंदाजपंचे ठरवण्यापेक्षा ६ ते १६ टक्क्यांनी सरस होतं, म्हणजे तसं माफकच. नंतर २०२० च्या सुमाराला दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की आपले अहवाल मशीन वाचणार हे लक्षात आल्यावर कंपन्यांनी मशीनला नकारात्मक वाटणारे नेमके तेच शब्द टाळायला सुरुवात केली. शेरास सव्वाशेर. त्यात मोठ्या कंपनीला सव्वाशेर होणं परवडतं, अडखळत बोलणाऱ्या ग्राहकाला नाही.

शेवटचा_बाक

मग उपाय काय? सगळे यंत्राला नावं ठेवतायत फक्त.

अर्धविराम

एक रस्ता आहे, निदान माझ्या तिसऱ्या प्रकारासाठी. खोटं पकडण्याऐवजी प्रश्नच असा विचारायचा की खोटं बोलून काही मिळणार नाही. १९६१ मध्ये व्हिक्री या अर्थशास्त्रज्ञाने मांडलेला लिलाव घ्या, सगळ्यांनी बंद पाकिटात आकडा द्यायचा, सगळ्यात मोठा आकडा जिंकणार पण पैसे द्यायचे दोन नंबरच्या आकड्याइतके. आता आपला खरा आकडा कमी करून लिहिला तर वस्तू हातची जाऊ शकते आणि द्यायची किंमत तर तशीही आपल्या आकड्यावर ठरत नाही. म्हणून मनातला आकडाच लिहिणं सगळ्यात फायद्याचं. कॅमेरा नको, आवाज नको.

तिरकस

आणि लिलाव करणाऱ्याने स्वतःच एक खोटं पाकीट दोन नंबरला सरकवलं तर? मी १०० लिहिलं, दुसरा खरा आकडा ७०, साहेबांनी मध्ये ९९ चं पाकीट टाकलं, मी ९९ भरले. घेणाऱ्याला खोटं बोलायची गरज उरली नाही म्हणून खोटं विकणाऱ्याकडे राहायला गेलं.

ताळेबंद

तिरकस पहिल्यांदाच कामाचं बोलले. त्यासाठी पाकिटं त्रयस्थाने सगळ्यांसमोर उघडायची आणि दोन नंबरवाला कोण आहे, खरंच आहे का, हे हरलेल्यांनाही तपासता आलं पाहिजे. ऑनलाइन लिलावात हे किती ठिकाणी बघायला मिळतं सांगा.

नुसतीच_वाचक

म्हणजे यंत्र लावायचंच तर लिलाव करणाऱ्याला लावा.